साडेपाचचं पाणी

कळव्याहून ऐरोलीला जाताना विटावा ओलांडलं की दिघा लागतं. डाव्या हाताला पारसिकचा डोंगर, त्याच्या अंगावर पत्र्याची, विटांची, निळ्या ताडपत्रीची घरं एकमेकांच्या खांद्यावर बसल्यासारखी. सोळा वर्षं मी कंपनीच्या बसमधून हे बघत गेले. बघत गेले म्हणजे काय, रात्रपाळीला जाताना डुलकी लागायची ती नेमकी विटाव्यानंतर, त्यामुळे दिघा मी बहुतेक वेळा मिटल्या डोळ्यांनीच पार केलं. आता आठवड्यातून चार दिवस मी तिथं उतरते. पोरं "ताई आली" म्हणून ओरडतात आणि त्यातली दोन-तीन धावत येऊन माझ्या हातातली फक्कीची पिशवी हिसकावून घेतात, कारण मैदान आखायचा मान कुणाचा यावरून रोज भांडण असतं.

लोक विचारतात, नोकरी सोडून काय करतेस? पहिल्या वर्षी मी "मुलांसाठी सामुदायिक क्रीडा विकास" असं काहीतरी म्हणायचे. ऐकणाऱ्यांचे चेहरे बघून ते सोडलं. आता सांगते, दिघ्यात पोरांना खो-खो शिकवते. यावर दोन प्रतिक्रिया ठरलेल्या. एक, "वा, समाजसेवा!" दुसरी माझ्या मोठ्या नणंदेची: "म्हणजे पीटीची बाई झालीस." मला दुसरी जास्त आवडते. निदान तिच्यात पगार गृहीत धरलेला आहे.

माझं जुनं काम समजावून सांगणं याहून अवघड होतं. ऐरोलीतल्या एका कॉल सेंटरमध्ये मी माणसांचे तास लावायचे. फोन मी कधी उचलले नाहीत. मंगळवारी रात्री सव्वादोनला किती फोन येतील, त्यासाठी किती माणसं खुर्चीत हवीत, त्यातली किती जेवायला उठतील, किती आजारी पडतील, हे सगळं पंधरा-पंधरा मिनिटांच्या रकान्यांत मांडायचं. या विद्येचा मूळपुरुष एर्लांग नावाचा डॅनिश गणिती. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करताना त्यानं १९१७ साली जी सूत्रं मांडली, त्यांच्यावर कॉल सेंटरं आजही चालतात. आणि सूत्रात न बसणाऱ्या वेळेला आम्ही म्हणायचो श्रिंकेज. पगार चालू, पण माणूस खुर्चीत नाही, असा सगळा वेळ: रजा, ट्रेनिंग, चहा, बाथरूम. १०० माणसं खुर्चीत हवी असतील आणि श्रिंकेज ३० टक्के असेल तर किती माणसं नेमावी लागतील? सगळे १३० म्हणतात. उत्तर १४३ आहे. हा फरक वेळेत सांगण्यासाठी मला पगार मिळायचा.

एकदा एका मुलीचा बाथरूमचा वेळ सलग तीन दिवस लाल आला. लाल म्हणजे ठरलेल्या मिनिटांपेक्षा जास्त. रिपोर्ट गेला, तिला वरून विचारणा झाली. ती माझ्या टेबलापाशी आली, काही बोलली नाही, पोटावर हात ठेवून नुसती उभी राहिली. मला कळलं. मी "ठीक आहे, बस जागेवर" म्हटलं आणि रंग तसाच ठेवला, कारण रंग बदलायचा अधिकार माझ्याकडे नव्हता. असता तर बदलला असता का? आज मी "हो" म्हणेन, पण तेव्हाच्या माझा भरवसा मला नाही.

त्या प्रसंगामुळे मी नोकरी सोडली असं लिहिलं तर गोष्ट छान होईल. तसं झालं नाही. त्यानंतर मी आठ वर्षं तिथंच होते आणि दोन बढत्या घेतल्या.

मैदानात मी पोहोचले ती कंपनीच्याच कृपेनं. २०१३ च्या कंपनी कायद्यातल्या कलम १३५ नुसार मोठ्या कंपन्यांना सरासरी नफ्यातले २ टक्के सामाजिक कामांवर खर्चावे लागतात आणि त्या कामांच्या यादीत खेळांचं प्रशिक्षणही आहे. त्या २ टक्क्यांतला एक शनिवार २०१९ साली माझ्या वाट्याला आला. आम्हा चाळीस जणांना एकसारखे टी-शर्ट दिले, बॅनर दिला, आणि बसमधून थेट दिघ्यात उतरवलं. मुलांना बिस्किटं वाटली, चमचा-लिंबू झालं, फोटो झाले. दुपारी मुलं कंटाळली तेव्हा कुणीतरी म्हणालं, कुणाला काही खेळ येतो का? मी म्हणाले, खो-खो. बावीस वर्षांनी मी चौकात बसले. उठताना गुडघ्यातून कटकन आवाज आला आणि पोरं हसली. निघताना एका मुलीनं विचारलं, "परत कधी?" मी सवयीनं उत्तर दिलं, "पुढच्या क्वार्टरला." तिला क्वार्टर म्हणजे दारूची माहीत होती. तिनं माझ्याकडे असं काही बघितलं की मी पुढच्याच शनिवारी एकटी गेले.

तीन वर्षं शनिवारी जात राहिले, मधला कोरोनाचा काळ सोडून. २०२२ मध्ये तिथं काम करणाऱ्या छोट्या संस्थेला पूर्णवेळ माणूस हवं होतं. माझा पगार ९२,००० होता, ते ३०,००० देणार होते. कळव्याच्या फ्लॅटचं कर्ज अजून सात वर्षांचं. नवऱ्यानं रात्रभर विचार करून सकाळी एकच प्रश्न विचारला, "पीएफ कापतात का?" कापतात म्हटल्यावर तो दाढी करायला गेला. त्या घरात झालेली चर्चा एवढीच. नंतरची दोन वर्षं आम्ही कुठं फिरायला गेलो नाही, गाडी विकली, मुलाचा एक क्लास बंद केला. हे सगळं थोडक्यात लिहितेय कारण यात नवीन काही नाही. कमी पैशात राहायची पद्धत सगळ्यांना माहीत असते, विसरलेली असते इतकंच.

तयारी मात्र बरीच करावी लागली. खेळता येतं म्हणून शिकवता येत नाही, हे मला आठवड्याभरात कळलं. पंच परीक्षा दिली. प्रथमोपचार शिकले. पोलीस पडताळणी झाली. मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणारा पोक्सो कायदा २०१२ चा, पण मी तो नीट वाचला चाळिशीजवळ आल्यावर. मुलीला बसायची ढब दाखवताना पाठीला हात लावायचा असेल तर आधी सांगायचं, एकट्या मुलाला कधी घरी सोडायला जायचं नाही, फोटो टाकायचे नाहीत, नावं लिहायची नाहीत. म्हणून या लेखातही कुणाचं नाव नाही.

खो-खो ज्यांनी शाळेत एकदाच आणि तोही नाइलाजानं खेळला, त्यांच्यासाठी थोडं सांगते. दोन खुंट, मधे एक पाटी, तिच्यावर आठ चौक. आठ गडी चौकात बसतात, एकाचं तोंड इकडे, पुढच्याचं तिकडे. नववा धावतो. धावणाऱ्याला मधली पाटी ओलांडता येत नाही, एकदा घेतलेली दिशा खुंटापर्यंत बदलता येत नाही. समोरून पळणारा मात्र मोकळा, तो कुठूनही कुठंही जातो. म्हणजे ज्यानं पकडायचं त्याच्यावरच सगळी बंधनं. त्यानं काय करायचं? बसलेल्याच्या पाठीला हात लावून "खो" म्हणायचं आणि त्याच्या जागी आपण बसायचं. हात आणि शब्द बरोबर पडले पाहिजेत. शब्द आधी निघाला आणि हात मागून पोहोचला की फाउल. नवी मुलं घाईत नेहमी हेच करतात, दोन हात लांबूनच "खो" ओरडतात, आणि मी शिट्टी वाजवून वाजवून थकते.

शहरी शाळांच्या शिबिरात शिकवायला मी एक-दोनदा गेले आहे. तिथं पहिला आठवडा मुलांना उकिडवं बसायला शिकवण्यात जातो. टाचा उचलल्या जातात, तोल मागे जातो, पार्श्वभाग जमिनीला टेकतो. दिघ्याच्या मुलींना हे शिकवावं लागलं नाही. भांडी घासताना, कपडे धुताना, नळावर, त्या दिवसातले कितीतरी तास असंच बसतात आणि हाक आली की हाताचा आधार न घेता उठतात. पहिल्या दिवशी त्यांचं उठणं बघून मी मनात म्हटलं, जिल्हा तर घेऊनच जाऊ. राष्ट्रीय स्पर्धेत चौदाखालच्या सर्वोत्तम मुलीला "इला" पुरस्कार मिळतो, माझं मन त्या पहिल्याच संध्याकाळी तिथवर जाऊन आलं.

मग त्या यायच्याच बंद झाल्या.

आधी जागेचं सांगते. मैदान एका शाळेचं. सकाळी शाळा, संध्याकाळी टेम्पोंचं पार्किंग, नवरात्रात मांडव, आणि वर्षभर टेनिस बॉल क्रिकेट. आमच्याकडच्या गावागावांत टेनिस बॉलच्या स्पर्धा कशा होतात हे ठाणे-नवी मुंबईकरांना सांगायला नको. मंडप, समालोचक, यूट्यूबवर थेट प्रक्षेपण, बक्षिसाला मोटरसायकल. तिथल्या पोरांच्या म्होरक्यानं मला मोठ्या मनानं सांगितलं, "ताई, तो कोपरा घ्या." मोठ्यांचं खो-खोचं मैदान २७ मीटर लांब आणि १६ मीटर रुंद लागतं, आम्हाला मिळालेला कोपरा त्याच्या निम्मा असेल. आम्ही तो पावलांनी मोजून छोटा आखला. चेंडू आला की खेळ थांबवायचा, असा तह झाला. वर्षभरानं त्यांच्यातलेच दोघं चेंडू आणायला येऊन आमच्यात बसून राहिले, त्यातला एक आता खुंटावर असा सूर मारतो की मीच डोळे मिटून घेते. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात प्रत्येक शाळेला मैदान हवं असं लिहिलंय. ते शाळा सुटल्यावर कुणाचं, हे लिहिलेलं नाही. मैदानाचं सगळं राजकारण त्या न लिहिलेल्या ओळीत चालतं.

मुलींकडे येते. पहिल्या महिन्यात वहीत २६ नावं होती. दुसऱ्या महिन्यात मैदानावर रोज अकरा-बारा, कधी आठ. मुलगे तीसचे तीस हजर. संस्थेच्या बैठकीत एकानं समजावलं, "वस्तीतल्या मुलींना खेळात इंटरेस्ट कमी असतो, त्यांच्यासाठी क्राफ्ट ठेवू या." मला राग आला, पण रागाला आकडे लागतात हे मला जुन्या नोकरीनं शिकवलेलं. घरी येऊन लॅपटॉप उघडला आणि सोळा वर्षं जे केलं तेच केलं. उभ्या रकान्यात पंधरा-पंधरा मिनिटं, आडव्या ओळीत मुली, आणि प्रत्येक गैरहजेरीसमोर कारण. कारण मुलीला विचारायचं नाही, तिच्या मैत्रिणीला विचारायचं. मुलगी स्वतः "पोटात दुखत होतं" म्हणते, मैत्रीण खरं सांगते.

दीड महिन्यानं तक्ता भरला. "आवड नाही" या रकान्यात एकही खूण नव्हती. लहान भावाला सांभाळायचं होतं, हे बरंच होतं. पाळी आणि मैदानावर बाथरूम नाही, हे त्याच्या खालोखाल. ट्यूशन, पाहुणे, आजीला दवाखान्यात नेणं, किरकोळ. आणि सगळ्यांवर मात करून एकच गोष्ट, सव्वापाच ते सव्वासहा या चार रकान्यांत ठासून भरलेली: पाणी.

वस्तीच्या त्या गल्लीत नळ सव्वापाचला येतो. तासभर असतो. वर डोंगरात इंग्रजांच्या काळातलं रेल्वेचं धरण आहे, पोरं पावसाळ्यात तिकडे जाऊ नयेत म्हणून आम्ही जिवाचा आटापिटा करतो, आणि खाली हंड्यांची रांग. आया तेव्हा कामावर असतात, ऐरोलीच्या सोसायट्यांत संध्याकाळच्या भांड्यांना. बाप, भाऊ नळावर जात नाहीत. का जात नाहीत, हे विचारलं तर लोक मलाच वेड्यात काढतात. राहिली दहा ते चौदा वर्षांची मुलगी. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, ५ ते १७ वयाच्या मुलांना दिवसाला सरासरी ६० मिनिटं दमवणारी हालचाल हवी. नळही साठच मिनिटं येतो. मी सराव ठेवला होता पाच ते साडेसहा.

बाथरूमचा प्रश्न मात्र चाळीस रुपयांत सुटला. शाळेचं बाथरूम होतंच, शाळा सुटल्यावर कुलूप लागायचं. शिपाई मामांना मी जुन्या नोकरीतल्या मुलीची गोष्ट सांगितली, पोटावर हात ठेवून उभी राहिलेल्या. ते काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच दुसरी किल्ली करून आणली आणि चाळीस रुपये घेतले, वर म्हणाले, "पाणी टाकायला सांगा पोरींना." त्या महिन्यात मोठ्या मुलींच्या हजेरीत जो फरक पडला तो कुठल्याही जर्सीनं किंवा बुटांनी पडला नसता. देणगीदारांना मात्र किल्लीचा फोटो पाठवता येत नाही. त्यांना जर्सी हव्या असतात, समोर नाव छापलेल्या.

त्या दिवसांत एका रविवारी आईकडे बसले होते. आई पावटे सोलत होती. मी तिला तक्ता सांगत होते, म्हणजे तक्रारच करत होते, की मुली पाण्यापायी येत नाहीत. आणि सहज, खरंच सहज म्हणाले, "तू मला निदान मोठी झालीस म्हणून थांबवलंस. या बिचाऱ्या तर..."

आईनं मान वर केली. "मोठी झालीस म्हणून? कोण म्हणालं?"

आता इथं मला थोडं मागं जायला हवं. मी सातवीत असताना, १९९७ साली, शाळेच्या खो-खो संघात होते. बऱ्यापैकी होते. आठवीत आईनं एके दिवशी सांगितलं, उद्यापासून खेळायला जायचं नाही. मी रडले, दोन दिवस जेवले नाही, मग विसरले. विसरले नाही. पुढं कॉलेजात, लग्नात, नोकरीत, माझ्या मनात त्याची एक नीटस गोष्ट तयार होत गेली: मुलगी वयात आली आणि आईनं तिचं मैदान बंद केलं. संस्थेत आल्यावर ही गोष्ट माझ्या फार उपयोगी पडली. देणगीदारांसमोर मी ती किमान पंधरा वेळा सांगितली असेल. कुठं थांबायचं, आवाज कुठं खाली आणायचा, सगळं बसलेलं होतं. एकदा तर समोरच्या बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं आणि आम्हाला वर्षभराची मदत मिळाली.

आई म्हणाली, "वागळे इस्टेटची कंपनी, दुसरी पाळी लागली होती मला. अडीचला घरातून निघायचे, रात्री अकराला परत. आपल्या चाळीत पाणी कितीला यायचं?"

मी म्हणाले, "साडेपाचला."

"मग भरणार कोण? तुझा भाऊ चार वर्षांचा." आणि पुन्हा पावट्यांकडे बघत, "तुझी ती पाळी नंतर आली गं. वर्षभरानं."

पाळी हा शब्द तिनं दोन वाक्यांत दोन अर्थांनी वापरला आणि मी दोन्ही अर्थांनी गप्प बसले. मला हे माहीत होतं. म्हणजे साडेपाचला पाणी यायचं हे मला माहीत होतं, ते मीच भरायचे, पिंप अर्धं झालं की कळशीचा आवाज कसा बदलतो हे मला आजही ऐकू येतं. फक्त ते आणि खो-खो, या दोन गोष्टी मी एका रकान्यात कधी मांडल्या नव्हत्या. तास मांडण्याचाच धंदा केला सोळा वर्षं, आणि स्वतःचा तास चुकीच्या कारणाखाली टाकून ठेवला.

"तेव्हा का नाही सांगितलंस?"

"सांगितलं होतं. तू ऐकलं नसशील." मग थोड्या वेळानं, "आणि सांगून नळ लवकर येणार होता का?"

ती गोष्ट मी आता देणगीदारांना सांगत नाही. खरी गोष्ट एकदा सांगून पाहिली, पण तिच्यात खलनायक नाही, त्यामुळे तिचा काही परिणाम होत नाही. लोक म्हणतात, "ओह, पाण्याचा इश्यू," आणि पुढची स्लाइड बघतात.

आईचं बोलणं ऐकून मी जोरात कामाला लागले आणि एक चूक केली. मी रोस्टर केलं. मंगळवार, गुरुवार, शनिवार: कुठल्या दिवशी कुठली बाई कुणाकुणाचे हंडे भरेल. ज्या घरी मोठी बाई संध्याकाळी असते तिनं शेजारच्या दोन घरांचं भरायचं, बदल्यात त्यांनी तिचं रविवारी. गणितात चोख होतं, श्रिंकेज धरून. रंगीत प्रिंट काढून किराणा दुकानाच्या भिंतीवर लावलं. पहिला आठवडा बरा गेला. दुसऱ्या आठवड्यात नळावर भांडण झालं, तिसऱ्या आठवड्यात माझा कागद दुकानदारानं वडापाव बांधायला घेतला.

नळावर एक आजी असतात. मूळच्या सोलापूरकडच्या, दगडखाणीत काम करायला या डोंगरावर आलेल्या, आता नळाजवळच्या कट्ट्यावर बसतात. नळाची सत्ता त्यांच्याकडे आहे हे मला तोवर कळलंच नव्हतं. त्यांनी मला बोलावून घेतलं.

"कागद कशापायी लावलास?"

मी समजावलं.

"नळावर नंबर हंड्याचा नसतो बाई, माणसाचा असतो. एका बाईनं तीन घरचे हंडे लावले तर मागचीनं काय म्हणायचं? उद्या कुणीबी उठल आणि धा हंडे घिऊन यील."

मला हा कायदा माहीत नव्हता. मी त्यांच्याकडे बघत राहिले. एर्लांगच्या सूत्रात रांगेतला प्रत्येक जण सारखाच असतो.

मग आजींनी विचारलं, त्यांची नात संघात घेणार का? नात नऊ वर्षांची, हाडकुळी, कुणाशी न बोलणारी. मी म्हणाले, आम्ही सगळ्यांनाच घेतो, निवड नसते. "तसं न्हाई," आजी म्हणाल्या, "खेळवणार का?" खेळवेन म्हटलं. दुसऱ्या दिवसापासून नळावर नवा नियम: खेळाला जाणाऱ्या पोरींचा नंबर आधी. सव्वापाचला पहिल्या सात-आठ त्या, पावणेसहापर्यंत मोकळ्या. मी सराव पावणेसहाला सुरू करायला लागले. हे लाच देणं आहे का, याचा मी थोडा विचार केला आणि मग सोडून दिला. नात, सांगायला हवं, अजून फारशी पळत नाही. पण चौकात बसली की तिच्याइतकं सावध कुणी बसत नाही, धावणारीची सावली पाठीवर पडायच्या आत तिचे पंजे जमिनीला रुतलेले असतात.

सगळं सुटलं असं नाही. हिवाळ्यात सहाला अंधारतं आणि मैदानावर दिवा नाही. तक्त्यातल्या लहान भावंडांचं आम्ही एवढंच करू शकलो की त्यांनाही आणा म्हटलं. आता खुंटाजवळ चार-पाच नाकं गळणारी मंडळी रांगेत बसून गुण मोजतात, चुकीचे. पावसाळ्याचे तीन महिने मैदान म्हणजे चिखल, तेव्हा शाळेच्या व्हरांड्यात लंगडी. वर्षभरात पाच मुली गावाला गेल्या, परत आल्या नाहीत. तेरावं संपत आलेली आमची सर्वांत चपळ मुलगी आईसोबत कामाला जायला लागली. तिच्या आईशी मी बोलले. तिनं महिन्याला तीन हजारांचा हिशेब मांडला, बोटांवर. मला त्यात एकही चूक सापडली नाही.

अधूनमधून संस्थेत प्रशिक्षणं होतात. त्यातलं एक मला मनापासून पटलं. १९९४ च्या विश्वचषकात स्वतःच्याच जाळ्यात गोल गेला म्हणून कोलंबियाच्या आंद्रेस एस्कोबारचा मेडेयीन शहरात गोळ्या घालून खून झाला. त्याच शहरात पुढं वस्त्यांतल्या मुलांसाठी पंचाशिवाय खेळायची फुटबॉलची एक पद्धत निघाली. खेळाआधी दोन्ही संघांनी बसून नियम ठरवायचे, मग खेळायचं, मग पुन्हा बसून कोण नियमानं वागलं ते बोलायचं. आम्ही खो-खोत करून बघितलं. नियम ठरवताना मुलांनी सुचवलं, शिवी दिली तर एक गुण कमी. खेळानंतरच्या चर्चेत कळलं की कुठल्या शब्दाला शिवी म्हणायचं यावर एकमत नाही, आणि ती यादी पोरं मला एकेक शब्द मोठ्यानं म्हणून विचारायला लागली. शाळेच्या शिक्षिका तेवढ्यात तिथून गेल्या. ही पद्धत आम्ही सध्या थोडी बाजूला ठेवली आहे.

आणि क्रिकेट. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला, आपल्या मुलींनी आणि मुलग्यांनी दोन्ही अंतिम सामने नेपाळविरुद्ध जिंकले, महिलांची कर्णधार आपल्या महाराष्ट्राची प्रियंका इंगळे. मी मोबाइलवर दाखवला. मुलींनी बघितला, "भारी" म्हणाल्या, आणि विचारलं, या मॅटवर का खेळतात, गुडघे नाही का फुटत? पण २ नोव्हेंबरला, आमच्या दिघ्याहून त्याच रेल्वेमार्गावर असलेल्या नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर, हरमनप्रीतच्या संघानं दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून विश्वचषक घेतला, आणि पुढच्या मंगळवारी माझ्या मैदानावर एकही मुलगी चौकात बसायला तयार नव्हती. सगळ्या हरमनप्रीत. दीप्तीच्या चेंडूवरचा तो शेवटचा झेल, मागे धावत धावत घेतलेला, त्या एक रुमालाचा बोळा करून पुन्हा पुन्हा घेत होत्या. मला आत कुठं तरी लागलं, खोटं कशाला बोलू. खो-खोच्या बाईला क्रिकेटचा मत्सर असतोच. पण त्या दिवशी वहीत अठ्ठावीस मुली होत्या. म्होरक्याकडे गेले आणि म्हणाले, आज तुम्ही कोपरा घ्या. त्यानं डोकं खाजवलं. मग बॅटही दिली.

परवा गुरुवारी थोडी लवकर पोहोचले. पाच वीस झाले होते. वर जाऊन बघावं म्हणून नळापाशी गेले. उन्हाळा, पाण्याची धार करंगळीएवढी. आजी कट्ट्यावर. रांगेत आमच्या सात मुली, मागे बायका. उभं राहून पाय दुखतात म्हणून मुली रांगेत उकिडव्या बसलेल्या, आणि आपसूक म्हणा की मस्ती म्हणा, एकीचं तोंड नळाकडे, पुढचीचं उलट. हंडा भरला की भरलेली मागं वळून पुढच्या मुलीच्या पाठीवर थाप मारायची, "खो!" आणि ती उठून हंडा नळाखाली सरकवायची. मुलींची रांग संपली तरी खेळ थांबला नाही. सातवीनं तिच्या मागच्या बाईला खो दिला, बाई हसत पदर खोचून उठली, तिचा हंडा भरला, तिनं आपल्या मागच्या बाईला दिला. रांगेच्या शेवटाकडे एक जाडजूड काकू पाठमोऱ्या बसून फोनवर बोलत होत्या. त्यांच्या पुढच्या बाईची बादली भरून वाहायला लागली तशी ती तिथूनच ओरडली, "खो, खो, खो!" आणि मग तीन पावलं चालत येऊन काकूंच्या खांद्यावर हात ठेवला.

शब्द आधी, हात नंतर. माझा हात गळ्यातल्या शिट्टीकडे गेला होता. आजींनी माझ्याकडे बघितलं.

"काय गं?"

"फाउल आहे," मी म्हणाले.

आजी म्हणाल्या, "मग? परत मागं बसवू का तिला?"